धोका 'तात्पुरत्या' कामातच!

वरळीतील आचार्य अत्रे चौक हे भुयारी मेट्रोचे स्थानक १० मे २०२५ रोजी प्रवाशांसाठी खुले झाले. त्यानंतर सोळाव्या दिवशी, २६ मे रोजी, त्याच स्थानकात चिखलाच्या पाण्याचे लोट शिरले आणि वरळीपासून तेथपर्यंतची सेवा बंद करावी लागली. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. एरवी ११ जूनच्या सुमारास मुंबईत दाखल होणारा मोसमी पाऊस त्या वर्षी २६ मे रोजीच येऊन थडकला होता. पहिल्याच तडाख्यात हजारो कोटी रुपयांच्या प्रकल्पाची शोभा झाली, अशी टीका साहजिकच झाली. मात्र पाणी नेमके आले कोठून, या प्रश्नाचे उत्तर त्या टीकेपेक्षा अधिक बोलके आहे.

स्थानकाच्या एका प्रवेशद्वाराचे काम अद्याप पूर्ण व्हायचे होते. तेथे पाणी अडवण्यासाठी उभारलेली भिंत, लगतच्या भागातून अचानक आलेल्या लोंढ्याने कोसळली, असा खुलासा मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनने केला. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या टिकावे म्हणून बांधलेल्या स्थानकाला गोत्यात आणले ते काम पूर्ण होईपर्यंतच उभ्या असलेल्या एका आडोशाने.

हा योगायोग नव्हे. मेट्रोसारख्या महाकाय प्रकल्पांतील अपघातांचा इतिहास चाळला, तर पूर्ण झालेले भुयार किंवा पूर्ण झालेला पूल कोसळल्याची उदाहरणे विरळाच सापडतात. दुर्घटना घडतात त्या अधल्यामधल्या अवस्थेत. टेकू काढण्यापूर्वी, काँक्रीट भरण्यापूर्वी, दोन भुयारे एकमेकांना जोडताना, एका कंत्राटदाराची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते त्या सांध्यावर. प्रवाशाला जे कधीच दिसणार नसते आणि अंतिम नकाशात ज्याला जागाही नसते, त्यावरच बांधकामाच्या काळात शेकडो माणसांचे प्राण विसंबून असतात. मोठ्या प्रकल्पांतील जोखीम ओळखण्याचे आणि आटोक्यात ठेवण्याचे जे शास्त्र गेल्या तीन दशकांत उभे राहिले, त्याचा निम्म्याहून अधिक भाग या 'तात्पुरत्या'चाच विचार करतो.

विमा कंपन्यांचा बडगा

या शास्त्राचा जन्म सरकारी दक्षतेतून झाला, असा समज असेल तर तो चुकीचा ठरेल. १९९४ या एकाच वर्षात, महिन्याभराच्या अंतराने, युरोपात दोन भुयारे ढासळली. २० सप्टेंबरला जर्मनीतील म्युनिक शहराच्या ट्रुडरिंग भागात भुयारी रेल्वेच्या कामावरील रस्ता खचला आणि एक प्रवासी बस त्या खड्ड्यात गेली. त्यात तिघांचा मृत्यू झाला. २१ ऑक्टोबरला लंडनच्या हिथ्रो विमानतळाखाली रेल्वेसाठी खोदलेली भुयारे कोसळली. तेथे प्राणहानी झाली नाही, परंतु प्रकल्प रखडला. पुढे १९९९ मध्ये न्यायालयाने बांधकाम कंपनीला १२ लाख पौंड आणि सल्लागार कंपनीला ५ लाख पौंड दंड ठोठावला. त्या दशकात जगभर अशा दुर्घटनांची मालिकाच लागली आणि नुकसानभरपाई देता देता विमा कंपन्या मेटाकुटीस आल्या. भुयारांचा विमा उतरवणेच थांबवावे, इथपर्यंत चर्चा गेली.

त्यातून २००३ मध्ये ब्रिटनमध्ये विमा कंपन्या आणि भुयारतज्ज्ञ यांनी मिळून एक संयुक्त आचारसंहिता तयार केली. तिचा आशय थोडक्यात असा : प्रकल्पाच्या पहिल्या दिवसापासून जोखमीची नोंद ठेवा, ती नोंद दाखवा, मगच विमा मिळेल. पाठोपाठ २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय भुयार संघटनेने आपली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २००६ मध्ये त्या आचारसंहितेची आंतरराष्ट्रीय आवृत्ती निघाली. अभियंत्यांना नीतीपाठ देऊन जे साधले नव्हते, ते विम्याच्या हप्त्याने साधले, असे म्हणायला हरकत नाही.

या सर्व व्यवस्थेच्या केंद्रस्थानी असते ती जोखीम नोंदवही. तिची रचना दिसायला सोपी असते. एका रकान्यात धोका लिहायचा. उदाहरणार्थ, 'खोदकामात पाण्याने भरलेला वाळूचा थर लागणे' किंवा 'जुन्या इमारतीचा पाया नकाशात दाखवल्यापेक्षा खोल असणे'. पुढच्या रकान्यात तो घडण्याची शक्यता एक ते पाच या पट्टीवर मांडायची. त्यानंतर घडलाच तर होणाऱ्या परिणामाची तीव्रता, तीही एक ते पाच. दोहोंचा गुणाकार आला की त्या धोक्याला लाल, पिवळा किंवा हिरवा रंग मिळतो. लाल असेल तर आराखडा बदलायचा अथवा उपाय योजून तो किमान पिवळ्यावर आणायचा. शेवटच्या रकान्यात त्या धोक्याच्या 'मालका'चे नाव असते, म्हणजे त्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी ज्याची आहे त्याचे. सगळ्यात महत्त्वाचा रकाना हाच आणि बहुतेक ठिकाणी सगळ्यात घाईने भरला जातो तोही हाच.

या गुणाकारात एक मेखही आहे. रोज घडू शकणारी किरकोळ घटना आणि शंभर वर्षांत एकदा घडणारा अनर्थ, या दोहोंचे उत्तर 'पाच' असेच येते. कागदावर दोन्ही सारखे हिरवे दिसतात. प्रत्यक्षात पहिल्यासाठी झाडू पुरतो, दुसऱ्यासाठी अख्खा मोहल्ला रिकामा करावा लागतो. म्हणूनच जाणकार अभियंते रंगापेक्षा परिणामाचा रकाना आधी वाचतात.

सिंगापूरची दुपार

नोंदवही असूनही काय घडू शकते, याचा सर्वाधिक अभ्यासला गेलेला धडा सिंगापूरचा आहे. शिस्तीसाठी नावाजलेल्या त्या शहरात वर्तुळाकार भुयारी मार्गाचे काम सुरू होते. निकोल हायवे या सहापदरी रस्त्यालगत सुमारे ३० मीटर खोल चर खोदण्यात येत होता. जमीन समुद्र बुजवून केलेली आणि खाली लोण्यासारखी मऊ समुद्री चिकणमाती. दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती आणि त्या आत झुकू नयेत म्हणून एकाखाली एक असे पोलादी टेकू, अशी रचना होती. चर पुढे भरला जाणार असल्याने ही सगळी रचना तात्पुरतीच होती.

संगणकावर केलेल्या गणितात मातीची ताकद प्रत्यक्षापेक्षा अधिक धरली गेली. त्यामुळे भिंती किती झुकतील, त्यांच्यावर किती भार येईल, याचे अंदाज कमी निघाले. टेकू आणि भिंतीलगतची पोलादी तुळई यांचा सांधाही गरजेपेक्षा दुबळा होता. भिंती अपेक्षेपेक्षा जास्त झुकत आहेत, हे मापकयंत्रे कित्येक आठवडे सांगत होती. यंत्रांनी आपले काम चोख बजावले होते. माणसांनी मात्र प्रत्येक वेळी नवे गणित मांडून धोक्याची मर्यादाच वर सरकवली. एका ठिकाणी सांध्यातील पोलादी पट्ट्या वाकल्या, तेव्हा त्याजागी दुसऱ्या आकाराचे पोलाद बसवण्यात आले. ते वाकण्याऐवजी एकदम मान टाकणारे निघाले.

२० एप्रिल २००४ च्या सकाळी कामगारांना चरातून धातूवर घण पडल्यासारखे आवाज ऐकू येऊ लागले. तुळया वाकू लागल्याचे दिसले. काँक्रीट ओतून त्यांना बळकटी देण्याची धावपळ सुरू झाली, पण चर पूर्ण रिकामा करण्याचा आदेश वेळेत निघाला नाही. दुपारी साडेतीनच्या सुमारास टेकू एकामागोमाग एक निखळले आणि काही क्षणांत शेजारचा महामार्गही चरात कोसळला. चार जण मृत्युमुखी पडले. त्यांतील एक मुकादम होता. आपल्या हाताखालच्या माणसांना बाहेर काढता काढता तो स्वतः आत राहिला आणि त्याचा मृतदेह कधीच हाती लागला नाही.

चौकशी समितीने मे २००५ मध्ये अंतिम अहवाल दिला. आराखड्यातील चुकांइतकेच बोट तिने निर्णयप्रक्रियेवर ठेवले. सकाळी आवाज ऐकणारा कामगार आणि काम थांबवण्याचा अधिकार असलेला अधिकारी, यांच्यामध्ये पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीवर वेळापत्रकाचे दडपण होते. या अपघातानंतर सिंगापूरने तात्पुरत्या बांधकामालाही कायमस्वरूपी बांधकामाइतक्याच काटेकोर तपासणीच्या कक्षेत आणले. कोसळलेल्या जागेतून मार्ग नेण्याचा विचार सोडून देण्यात आला आणि निकोल हायवे स्थानक जवळच दुसऱ्या जागी बांधून २०१० मध्ये सुरू झाले.

दिल्लीच्या झमरूदपूर दुर्घटनेतही इशारा आधी मिळालेला होता. १२ जुलै २००९ रोजी तेथे उन्नत मार्गाच्या एका खांबाचा बाहेर काढलेला माथा, त्यावर गर्डर बसवण्याचे काम चालू असताना तुटला. सहा जणांनी प्राण गमावले. त्या माथ्याला पूर्वीच तडे दिसले होते, काम काही काळ थांबवून उपाय करण्यात आले होते आणि पुन्हा काम सुरू केल्यावर तो कोसळला. दिल्ली मेट्रोचे तत्कालीन प्रमुख ई. श्रीधरन यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा सादर केला. तो स्वीकारला गेला नाही. दुसऱ्याच दिवशी ढिगारा उपसणारी क्रेन उलटली, तिच्यासोबत आणखी क्रेनही आडव्या झाल्या आणि पुन्हा काही जण जखमी झाले. सावरण्याची घाई हीदेखील एक जोखीम असते, ती सहसा कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही.

बंगळूरमध्ये १० जानेवारी २०२३ रोजी नागवारा भागात खांबासाठी उभारलेला लोखंडी सळ्यांचा उंच सांगाडा रस्त्यावर कोसळला. दुचाकीवरून जाणारी एक महिला आणि तिचा अडीच वर्षांचा मुलगा त्याखाली मृत्यू पावले. काँक्रीट भरल्यावर हाच खांब रेल्वेगाडीचा भार लीलया पेलणार होता. काँक्रीट भरेपर्यंत त्याला उभे राहण्यासाठी चहूबाजूंनी ताणाची गरज होती.

नदी सोपी, गल्ली अवघड

कोलकात्याच्या पूर्व-पश्चिम मेट्रोची कहाणी वेगळ्या अर्थाने डोळे उघडणारी आहे. या प्रकल्पात सर्वांची नजर हुगळी नदीवर खिळली होती. नदीच्या पात्राखालून जाणारे देशातील पहिले मेट्रो भुयार, तेही सुमारे अर्धा किलोमीटरचे. तयारी जय्यत होती आणि २०१७ मध्ये भुयारे नदीखालून निर्विघ्नपणे पार झाली. सर्वांनी सुटकेचा नि:श्वास टाकला.

खरी परीक्षा पुढे, बोबाजारच्या गल्ल्यांखाली होती. मूळ आराखड्यात मार्ग सियालदहहून सेंट्रल स्थानकाकडे जाणार होता. जागा आणि पुनर्वसनाचे प्रश्न पुढे आले, राज्य सरकारच्या आग्रहावरून मार्ग एस्प्लनेडकडे वळवण्यात आला आणि तो दाट वस्तीच्या, जुन्या घरांच्या, सोनारांच्या पेढ्या असलेल्या भागाखालून गेला. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी भुयार खोदणारे 'चंडी' नावाचे यंत्र पाण्याने भरलेल्या वाळूच्या थराला भिडले. पाणी आणि गाळ भुयारात घुसला. वरची जमीन पोकळ झाली. दुर्गा पिथुरी लेन, स्याकरापाडा लेन या भागातील घरांना तडे गेले, काही घरे डोळ्यांदेखत कोसळली आणि शेकडो रहिवाशांना अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडावे लागले.

जमिनीवरची अडचण टाळण्यासाठी मार्ग बदलला की ती जोखीम नाहीशी होत नाही. ती जमिनीखाली सरकते. फेरीवाले हलवण्याचा, जागा मिळवण्याचा त्रास वाचला. त्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना मार्गबदलाच्या वेळी कोणी विचारले नव्हते.

पुढचा भाग तर अधिकच विचार करायला लावणारा आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाने थांबवलेले काम २०२० मध्ये पुन्हा सुरू झाले. 'ऊर्वी' या दुसऱ्या यंत्राने आपले भुयार पुरे केले आणि मग उलट दिशेने येऊन 'चंडी'चे अपुरे भुयारही मे २०२१ मध्ये खोदून दिले. जोखमीचा टप्पा सरला असे वाटत असतानाच ११ मे २०२२ रोजी त्याच गल्लीत पुन्हा घरांना तडे गेले. या वेळी यंत्रे बाहेर काढण्यासाठी खोदलेल्या खड्ड्याच्या तळाचे काम सुरू होते. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी जवळच्या मदन दत्त लेनमध्ये तिसऱ्यांदा तेच घडले. तेव्हा काम चालले होते दोन भुयारांना जोडणाऱ्या आडव्या मार्गाचे. मुख्य भुयार उभे होते. फुटत होते ते सांधे.

एस्प्लनेड ते सियालदह हा उरलेला टप्पा २२ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाला आणि मार्ग एकसंध झाला. पहिल्या घटनेला तोवर सहा वर्षे होत आली होती. २००८ मध्ये सुमारे ४,८७५ कोटी रुपयांत मंजूर झालेल्या या १६.६ किलोमीटरच्या मार्गाचा खर्च, केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२० मध्ये सुधारित मान्यता दिली तेव्हाच ८,५७५ कोटींवर गेला होता.

मुंबईचा खडक आणि मुंबईची न्यायालये

कोलकात्याच्या तुलनेत मुंबईला निसर्गाने झुकते माप दिले आहे. कुलाबा-वांद्रे-सीप्झ या ३३.५ किलोमीटरच्या मेट्रो-३ चा बराचसा भाग बेसाल्ट आणि ब्रेशिया या खडकांतून गेला. अर्थात धारावी ते वांद्रे-कुर्ला संकुल या टप्प्यात मिठी नदी आडवी होती, गिरगाव-काळबादेवीत शंभरी गाठलेल्या चाळी होत्या आणि दादाभाई नौरोजी मार्गावर दगडी वारसा इमारतींची रांग होती. सप्टेंबर २०१७ मध्ये माहीमच्या नयानगर येथे पहिले यंत्र जमिनीत उतरले. एकूण १७ यंत्रांनी ४२ वेळा भुयार आरपार केले आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजी खोदाई पूर्ण झाली. एवढ्या दाट शहराखाली हे काम बोबाजारसारखा प्रसंग न ओढवता पार पडले, याचे श्रेय द्यायलाच हवे.

त्यामागे खडक होता तसेच मोजमापही होते. त्या वर्षांत गिरगावातून जाणाऱ्यांनी जुन्या इमारतींच्या भिंतींवर चिकटवलेली काचेची छोटी भिंगे पाहिली असतील. ठरावीक वेळाने त्यांवर किरण सोडून इमारत किती मिलिमीटर हलली, हे स्वयंचलित यंत्र टिपत असते. भिंतीतील तड्यांवर पट्ट्या बसवतात, जमिनीत नळ्या उतरवून ती कोठे कलते ते पाहतात, भूजलाची पातळी नोंदवतात. प्रत्येक मोजमापाला तीन मर्यादा असतात. पहिली ओलांडली की मोजण्याची वारंवारिता वाढवायची, दुसरी ओलांडली की पद्धत बदलायची, तिसरी ओलांडली की काम बंद. निकोल हायवेवरही अशीच यंत्रे होती, हे मात्र विसरून चालणार नाही. तिसऱ्या मर्यादेला काम बंद करण्याचा अधिकार कोणाचा, तो कंत्राटदाराच्या पगारावर आहे की स्वतंत्र, यावर त्या भिंगांचे मोल ठरते.

मेट्रो-३ ला जमिनीने फारसे अडवले नाही, तरी जमिनीवरच्या गोष्टींनी भरपूर अडवले. ऑगस्ट २०१७ मध्ये दादाभाई नौरोजी मार्गावरील जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या माथ्यावरचे दगडी काम निखळून पडले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि त्या भागातील काम काही काळ थांबले. दक्षिण मुंबईतील रहिवाशांच्या तक्रारीवरून रात्रीच्या कामाला मनाई झाली, ती २०१८ मध्ये उठली. रहिवाशाची झोप आणि प्रकल्पाचे वेळापत्रक यांत न्यायालयाला तोल साधावा लागला, तो आराखड्याच्या टेबलावरच साधता आला असता. ध्वनिरोधक भिंती आणि कामाच्या वेळा या गोष्टी खटल्यानंतर नव्हे, निविदेपूर्वी ठरवायच्या असतात.

या सर्वांवर कडी केली ती कारशेडने. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेतील वृक्षतोड आणि पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती. नोव्हेंबरात नव्या सरकारची स्थगिती. ऑक्टोबर २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय. डिसेंबरात त्या जागेवर उच्च न्यायालयाची मनाई. जुलै २०२२ मध्ये पुन्हा नवे सरकार आणि पुन्हा आरे. आरेची बाजू बरोबर की कांजूरची, हा वाद वेगळा. जोखमीच्या भाषेत प्रश्न एवढाच की, ज्या जागेवर पर्यावरणाचा आक्षेप पहिल्या दिवसापासून होता, तिचा पर्याय शोधून ठेवण्याचे काम कोणाच्या नावावर लिहिले होते? गाड्या उभ्या करायला जागा नाही म्हणून मार्ग सुरू होऊ शकत नाही, ही शक्यता अभियांत्रिकीच्या कोणत्याही पुस्तकाशिवाय कळण्यासारखी होती.

या मार्गाचा मूळ अंदाज २३,१३६ कोटी रुपयांचा होता. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ३३,४०५ कोटींच्या सुधारित खर्चास मान्यता दिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंतचा अखेरचा टप्पा सुरू झाला तेव्हा आकडा सुमारे ३७,२७६ कोटी सांगितला गेला. म्हणजे वाढ ६१ टक्क्यांची. देशातील मेट्रोंमध्ये हा अपवाद नव्हे. खासगी भागीदारीतून झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्गाचा अंदाज २,३५६ कोटींचा होता. २०१४ मध्ये तो सुरू झाला तेव्हा कंपनीने खर्च ४,३२१ कोटी झाल्याचे सांगितले. वाढीव भार कोणाचा यावरून सरकार, कंपनी आणि तिकीटदर यांचा वाद पुढे अनेक वर्षे चालला.

चूक की खोटेपणा?

डॅनिश अभ्यासक बेंट फ्लूबियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २० देशांतील २५८ वाहतूक प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहापैकी नऊ प्रकल्पांत खर्चाचा अंदाज कमी निघाला होता. रेल्वे प्रकल्पांत सरासरी वाढ ४४.७ टक्के होती आणि तीही महागाई वजा करून. (मुंबईच्या वरील आकड्यांत महागाई धरलेली असल्याने दोहोंची थेट तुलना करता येत नाही.) अंदाज नुसते चुकत असते तर काही कमी आणि काही जास्त निघाले असते. ते सतत एकाच बाजूला चुकतात, यावरून फ्लूबियर यांनी काढलेला निष्कर्ष बोचरा होता : प्रकल्प मंजूर व्हावा म्हणून खर्च जाणूनबुजून कमी दाखवला जातो.

यावर त्यांनी सुचवलेला उपाय मात्र साधा आहे. आपल्या प्रकल्पाचा तपशील बाजूला ठेवून, तशाच प्रकारच्या पूर्वीच्या प्रकल्पांचे प्रत्यक्षात काय झाले ते पाहा आणि तेवढी वाढ सुरुवातीलाच अंदाजात धरा. लग्नाच्या खर्चाचा अंदाज बांधताना घरातील जाणती मंडळी हेच करतात. यादीतील बेरीज न पाहता, शेजारच्या लग्नात शेवटी किती गेले ते विचारतात. ब्रिटिश सरकारने २००४ पासून वाहतूक प्रकल्पांसाठी ही पद्धत अधिकृत केली. अडचण राजकीय आहे. पहिल्याच दिवशी खरा आकडा मांडणाऱ्या प्रकल्पापेक्षा कमी आकडा मांडणारा प्रकल्प आकर्षक दिसतो आणि वाढीव खर्चाची बातमी येते तेव्हा तो आकडा मांडणारे बहुधा त्या खुर्चीत नसतात.

जोखीम कोणी उचलायची, हा प्रश्न कंत्राटातही तितकाच टोकदार होतो. जमिनीखाली काय निघेल ते खोदेपर्यंत कोणालाच ठाऊक नसते. सर्व भार कंत्राटदारावर टाकला, तर एकतर तो निविदेतच दर चढवतो, नाहीतर कमी दराने काम घेऊन पुढे प्रत्येक दगडासाठी दावे दाखल करतो. सर्व भार सरकारवर घेतला, तर कंत्राटदाराला काळजी घेण्याचे कारण उरत नाही. मधला मार्ग म्हणजे निविदेपूर्वी भरपूर चाचणी-विवरे घेऊन 'जमीन अशी आहे' हे लेखी ठरवणे. प्रत्यक्षात त्याहून वाईट निघाली तर वाढीव खर्च मालकाचा, तशीच निघाली तर कंत्राटदाराचा. कंत्राटांचे आंतरराष्ट्रीय नमुने तयार करणाऱ्या फिडिक या संस्थेने २०१९ मध्ये भुयारी कामांसाठी काढलेला खास नमुना याच तत्त्वावर बेतलेला आहे. चाचणी-विवरांवरचा खर्च एकूण प्रकल्पाच्या मानाने नगण्य असतो. तरीही वेळ वाचवायचा म्हटले की पहिली कात्री तेथेच लागते.

मुंबईत पुढची खोदाई दूर नाही. आणिक आगारापासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमार्गे गेटवे ऑफ इंडियापर्यंत जाणाऱ्या मेट्रो-११ ला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली. तिचा बहुतांश मार्ग भुयारी आहे आणि तो दक्षिण मुंबईतील जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या वस्तीजवळून जातो. त्या इमारतींच्या भिंतींवरही काचेची भिंगे लागतील. त्यांनी टिपलेले आकडे आजवर महामंडळ, सल्लागार आणि कंत्राटदार यांच्यापुरते राहिले आहेत. आपली इमारत या आठवड्यात किती मिलिमीटर खचली, हे चाळीच्या फलकावर रहिवाशाला वाचता येईल अशी तरतूद निविदेत करायची झाली, तर ती करण्याची वेळ काम सुरू होण्यापूर्वीचीच आहे.